आजी देवदूत झाली का?

पत्र: माझी आई काही महिन्यांपूर्वी दीर्घ आजाराने गेली. माझा आठ वर्षांचा मुलगा तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. मी हिंदू घरातली, माझे पती ख्रिस्ती आहेत आणि घरात दोन्हीकडच्या गोष्टी मोकळेपणाने बोलल्या जातात. सासूबाईंनी त्याला जवळ घेऊन सांगितले की आजी आता देवदूत झाली आहे आणि वरून सतत तुझ्याकडे पाहते. त्यांच्या मनात मायाच होती. त्याच्या वर्गातल्या मुस्लीम मित्राने मात्र त्याला सांगितले की माणूस कधी फरिश्ता होत नाही, आणि फरिश्ते आपल्या उजव्या-डाव्या बाजूला बसून आपण केलेले सगळे लिहून घेतात. तेव्हापासून मुलगा रात्री दिवा मालवू देत नाही. शेवटच्या दिवसांत आजीच्या खोलीत जायला त्याने भीतीने नकार दिला होता, ते कोणीतरी लिहून ठेवले असेल आणि आजी वरून रागाने पाहत असेल, असे त्याच्या मनाने घेतले आहे. सगळ्या धर्मांतले देवदूत एकच, फक्त नावे वेगळी, असे सांगून विषय मिटवावा, की हे सारे माणसांनी कल्पिलेले आहे असे स्पष्ट सांगून टाकावे? एका परिचित बाईंनी देवदूतांमार्फत गेलेल्या व्यक्तीशी बोलणे करून देणाऱ्या एका गृहस्थांकडे त्याला न्यावे, असेही सुचवले आहे. मी काय करू? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर: तुमच्या आईच्या जाण्याने तुम्ही स्वतःही दुःखात आहात, आणि त्या दुःखातच मुलाच्या भीतीला उत्तर शोधण्याची वेळ तुमच्यावर आली आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. पत्रात तुम्ही बरेच प्रश्न विचारले आहेत, परंतु तुमच्या मुलाचा प्रश्न एकच आहे आणि तो देवदूतांविषयी नाही. आजी आपल्यावर रागावली आहे का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे आहे. देवदूतांविषयी आपण जे काही बोलू ते या एका प्रश्नापाशी येऊन थांबले पाहिजे.

तुम्ही सुचवलेले दोन्ही मार्ग मला योग्य वाटत नाहीत. हे सारे कल्पित आहे असे तुम्ही सांगितलेत, तर ज्या आजीवर (म्हणजे तुमच्या सासूबाईंवर) त्याचा विश्वास आहे तिला आणि त्याच्या मित्राला तुम्ही एका वाक्यात खोटे ठरवाल, आणि एक आजी गमावलेल्या मुलाला दुसऱ्या आजीपासूनही थोडे दूर कराल. सगळे एकच आहे असे सांगणे वरवर समंजस वाटते, पण ते खरे नाही. आणि तुमच्या मुलाला तर दोन माणसांनी दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या आहेत हे आधीच कळलेले आहे. त्या एकच आहेत, या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही.

साम्य कुठे आहे आणि ते कुठे संपते, हे एका कथेवरून चांगले दिसते. अब्राहामाच्या दारी अनोळखी पाहुणे येतात, तो धावपळ करून त्यांच्यापुढे उत्तम वासराचे भोजन ठेवतो, आणि म्हातारपणी त्याला पुत्र होईल अशी वार्ता ते देतात. ही कथा यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लीम अशा तिन्ही परंपरांमध्ये आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात ते पाहुणे झाडाखाली बसून जेवतात. कुराणात मात्र त्यांचे हात अन्नाकडे जातच नाहीत, आणि हे पाहून इब्राहीम मनातून घाबरतात. तेव्हा पाहुणे त्यांना भिऊ नका असे सांगतात. कथा एकच, पाहुणे तेच, पण देवदूत कसा असतो याविषयीची समज तेवढ्यात बदलली आहे, कारण इस्लामी श्रद्धेप्रमाणे फरिश्ते प्रकाशापासून निर्माण झालेले आहेत आणि त्यांना खाणे-पिणे नाही. ख्रिस्ती परंपरेत काही देवदूतांनी देवाविरुद्ध बंड केले आणि ते पतित झाले असे मानतात. इस्लाममध्ये फरिश्ते आज्ञाभंग करतच नाहीत, आणि आदमपुढे नमण्यास नकार देणारा इब्लीस जिन्नांपैकी (अदृश्य जिवांच्या एका वेगळ्या वर्गापैकी) होता, असे कुराणच सांगते.

भारतीय परंपरांकडे वळले की अंतर आणखी वाढते. आपले देव हे देवदूत नव्हेत. इंद्राला स्वतःची इच्छा आहे, मत्सर आहे, भीती आहे. त्याची स्तुती होते आणि त्याचा पराभवही होतो. जैन दर्शनात भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क आणि वैमानिक असे देवांचे चार वर्ग सांगितले आहेत, पण तेही जन्ममरणाच्या फेऱ्यातच आहेत आणि त्यांचे आयुष्य संपले की त्यांना पुन्हा जन्म घ्यावाच लागतो. देवदूत या कल्पनेच्या खरोखर जवळ जाणारे आपल्याकडे जे आहेत ते यमदूत, विष्णुदूत आणि महाभारतात ज्यांना देवदूत याच नावाने ओळखले आहे ते, म्हणजे कोणाच्या तरी आज्ञेने येणारे आणि काम झाले की परत जाणारे. जरथुश्त्री, म्हणजे पारशी परंपरेत अहुर मज्दाच्या, म्हणजे परमेश्वराच्या, सोबत सहा अमेशा स्पेंता (‘पवित्र अमर’) आहेत, ज्यांची नावेच सद्विचार, परम सत्य, पूर्णता, अमरत्व अशी आहेत. त्यांना देवाने पाठवलेले दूत म्हणावे की देवाच्याच गुणांची रूपे, हे ठरवणे सोपे नाही, आणि ते घाईने ठरवण्याची गरजही नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मरण पावलेला माणूस देवदूत होतो का?

यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लीम या तिन्ही धर्मांच्या मुख्य प्रवाहाचे उत्तर नकारार्थी आहे, म्हणजे या बाबतीत मुलाचा मित्र त्याच्या धर्माप्रमाणे बरोबर बोलला, आणि तुमच्या सासूबाई त्यांच्या धर्माच्या शिकवणीपेक्षा थोड्या पुढे गेल्या. तेराव्या शतकातील थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्विनास यांनी यामागचे कारण नेमके मांडले आहे. देवदूताला शरीर कधी नव्हतेच; माणसाचा आत्मा मात्र शरीरासाठी निर्माण झालेला आहे, आणि मृत्यूनंतरही तो आपल्या शरीराच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो. म्हणून माणूस देवाजवळ गेला तरी तो माणूसच राहतो. सासूबाईंच्या मनात जी कल्पना आहे ती ख्रिस्ती समाजात फार दूरवर पसरलेली आहे, आणि तिला थोडा आधारही दाखवता येतो: पुनरुत्थानानंतर माणसे देवदूतांसारखी होतील, असे येशूचे वचन शुभवर्तमानात आहे. पण तेथे ‘सारखी’ म्हटले आहे, आणि प्रसंग विवाहाच्या प्रश्नाचा आहे. स्वर्गातले सर्व देवदूत पूर्वी माणसेच होती, असे उघडपणे शिकवणारे एमॅन्युएल स्वीडनबर्ग यांच्यासारखे विचारवंत अठराव्या शतकात होऊन गेले, लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) या पंथात मोरोनी हा पूर्वी मनुष्य असलेला देवदूत मानला जातो, आणि यहुदी गूढवादी वाङ्मयात बायबलमधील हनोख हा मनुष्य स्वर्गात जाऊन मेटाट्रॉन नावाचा देवदूत झाल्याची कथा आहे. हे सारे अपवाद महत्त्वाचे आहेत, परंतु ते अपवादच आहेत.

हे मी सासूबाईंना दोष देण्यासाठी सांगत नाही. उलट, त्यांच्याच परंपरेत जे आहे ते तुमच्या मुलासाठी अधिक हिताचे आहे, असे मला मनापासून वाटते. मेल्यावर देवदूत होणे ही एक प्रकारची बढती आहे, असे आपण नकळत गृहीत धरतो. धर्मग्रंथ मात्र तसे गृहीत धरत नाहीत. कुराणात देव आदमला निर्माण करतो, त्याला सर्व वस्तूंची नावे शिकवतो आणि फरिश्त्यांना त्याच्यापुढे नमायला सांगतो. संत पौल करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहितात की आपण देवदूतांचाही न्याय करणार आहोत हे तुम्हाला ठाऊक नाही का. बौद्ध आणि जैन दोन्ही परंपरांमध्ये मुक्तीच्या दृष्टीने मनुष्यजन्म हा देवलोकातील जन्मापेक्षा अधिक मोलाचा आहे, आणि जैन दर्शनाप्रमाणे तर देवयोनीतून थेट मोक्ष मिळतच नाही.

महाभारतात तर यावर दोन प्रसंग आहेत, आणि ते मला फार प्रिय आहेत. वनपर्वात मुद्गल ऋषींना नेण्यासाठी देवदूत विमान घेऊन येतो. मुद्गल लगेच चढून बसत नाहीत; ते त्याला स्वर्गाचे गुण आणि दोष दोन्ही विचारतात. देवदूतही काही लपवत नाही. स्वर्गात केवळ फळ भोगायचे असते, नवे कर्म करता येत नाही आणि पुण्य संपले की खाली पडावे लागते, असे तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि मुद्गल त्याला नमस्कार करून परत पाठवतात. दुसरा प्रसंग अगदी शेवटचा, स्वर्गारोहणपर्वातला. देवदूत युधिष्ठिराला नरकाच्या वाटेने नेतो. तेथे आपल्या भावांचे आणि द्रौपदीचे करुण आवाज ऐकू येताच युधिष्ठिर त्याला सांगतो की तू परत जा, माझ्यामुळे यांना बरे वाटत असेल तर मी येथेच राहतो. त्या क्षणी तेथे उभ्या असलेल्या दोघांत मोठा कोण, याविषयी व्यासांच्या मनात काही शंका दिसत नाही.

तेव्हा मुलाला सांगण्यासारखे पहिले वाक्य माझ्या मते हे आहे: आजी आजीच आहे. तिला दुसरे कोणी व्हावे लागलेले नाही. जिने त्याला भरवले, गोष्टी सांगितल्या, प्रसंगी रागावली आणि पाच मिनिटांत राग विसरली, तीच ती आहे. आठ वर्षांच्या मुलाला पंख असलेली, सदैव जागी असणारी आणि सर्वकाही पाहणारी आजी परकी वाटणे स्वाभाविक आहे. ओळखीच्या आजीला तो घाबरणार नाही.

आता लिहून घेणाऱ्या फरिश्त्यांविषयी, कारण त्याची झोप त्यांनीच उडवली आहे. मित्राने सांगितले ते कुराणातले आहे. बयाऐंशीव्या सूरेत (अध्यायात) माणसांवर सन्माननीय लेखक नेमलेले आहेत आणि माणसे काय करतात ते त्यांना ठाऊक असते, असे म्हटले आहे. पन्नासाव्या सूरेत त्यांतील एक उजवीकडे आणि एक डावीकडे बसलेला असल्याचा उल्लेख आहे. हिंदू परंपरेतील चित्रगुप्ताची नोंदवही तुम्हाला ठाऊकच असेल. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात तर चित्रगुप्त आणि मृत्यूचा फरिश्ता अजराईल या दोघांचेही उल्लेख आढळतात. नोंद ठेवली जाते हा विचार एवढ्या परंपरांमध्ये आहे, कारण कोणाचेही चांगले कृत्य जगाने पाहिले नाही म्हणून वाया जाऊ नये आणि कोणाचाही अन्याय दडपला जाऊ नये, ही माणसाची फार खोल इच्छा आहे.

परंतु मित्राने अर्धीच गोष्ट सांगितली, आणि त्याच्या वयात अर्धीच ठाऊक असणे साहजिक आहे. त्या लेखनाचे नियम हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, दिले आहेत आणि ते विलक्षण उदार आहेत. माणसाने चांगले काही करण्याचे मनात आणले आणि ते त्याच्या हातून घडले नाही, तरी एक पूर्ण सत्कर्म लिहिले जाते. घडले तर दहापासून सातशेपटीपर्यंत, किंवा त्याहूनही अधिक लिहिले जाते. वाईट काही मनात आणले आणि देवासाठी ते टाळले, तर त्याचेही सत्कर्म म्हणूनच लेखन होते. केले तर एकच वाईट कर्म लिहिले जाते. आणि तुमच्या मुलासाठी सर्वांत महत्त्वाचे असे एक हदीस आहे, ज्यात तिघांवरून लेखणी उचलली आहे असे म्हटले आहे: झोपलेला जागा होईपर्यंत, बालक वयात येईपर्यंत, आणि बुद्धिभ्रंश झालेला सावरेपर्यंत. आठ वर्षांच्या मुलाचे अपराध लिहायला त्या परंपरेत लेखणीच कागदावर टेकत नाही.

तुमच्या परंपरेतही याच प्रश्नावर एक ऋषी थेट धर्मराजाशी भांडला आहे. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींना चोरीच्या खोट्या आरोपावरून सुळावर चढवले जाते. पुढे ते धर्माला जाऊन जाब विचारतात की माझ्या कोणत्या पापाचे हे फळ, तेव्हा त्यांना सांगितले जाते की लहानपणी तुम्ही किड्यांना काडी टोचली होती. मांडव्य संतापतात. अल्प अपराधाला एवढा मोठा दंड देणाऱ्या धर्मालाच ते मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप देतात (तोच पुढे विदुर होतो), आणि तेथेच मर्यादा घालून देतात की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातून घडलेले काहीही पाप म्हणून गणले जाणार नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन परंपरा मुलांच्या बाबतीत इतक्या जवळ याव्यात, याचे मला वारंवार आश्चर्य वाटते. ख्रिस्ती बाजूने मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू लहानग्यांना तुच्छ मानू नका असे बजावताना म्हणतो की त्यांचे देवदूत स्वर्गात सदैव पित्याचे मुख पाहत असतात. ते देवदूत तेथे मुलांच्या बाजूने उभे आहेत. याच वचनाच्या आधारे कॅथलिक परंपरेत प्रत्येकाला एक रक्षक देवदूत असतो असे मानतात आणि 2 ऑक्टोबरला त्यांचा सण असतो. प्रोटेस्टंटांपैकी काहींनी, विशेषतः धर्मसुधारक कॅल्विन यांनी, प्रत्येकाला स्वतंत्र देवदूत असतो या मताविषयी शंका घेतली. तुमच्या घरी कोणती शिकवण आहे ते सासूबाई सांगू शकतील.

लेखणी आणि चौदा वर्षांच्या मर्यादेची ही गोष्ट मुलाला सांगताना एक काळजी घ्या. आजीच्या खोलीत न जाणे हा अपराधच होता आणि तो केवळ वयामुळे माफ झाला, असा त्याचा समज होऊ देऊ नका. तो अपराध नव्हताच. आजारामुळे आजी वेगळी दिसत होती, तिच्या खोलीतले आवाज आणि वास वेगळे होते, आणि लहान मुलाला त्याची भीती वाटली, यात प्रेमाची कमतरता नव्हती. तुमच्या आईला हे कळत नव्हते असे तुम्हाला वाटते का? ती त्याविषयी काही बोलल्याचे तुम्हाला आठवत असेल, तर तेच शब्द त्याला सांगा. कोणत्याही ग्रंथापेक्षा त्यांचे वजन त्याच्याजवळ अधिक असेल. आठवत नसेल तर तिच्या तोंडी वाक्ये घालू नका, आणि तुम्ही तिला जशी ओळखत होता त्यावरून तिला काय वाटले असते, एवढेच तुमचे मत म्हणून सांगा.

भीतीविषयी आणखी एक गोष्ट त्याच्या कानावर घालण्यासारखी आहे. चित्रांतले गोंडस देवदूत फार नंतरचे. सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांत तर त्यांना पंखही नाहीत, ते चौथ्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागतात. बायबलमध्ये यशया संदेष्ट्याला दिसलेल्या सराफिम या स्वर्गीय जिवांना सहा पंख आहेत, आणि यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या प्राण्यांना मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड अशी चार तोंडे आहेत व त्यांच्यासोबतची चाके डोळ्यांनी भरलेली आहेत. असे काही पाहून मोठी माणसेही कोसळतात. म्हणून लूकच्या शुभवर्तमानात गब्रीएल प्रथम जखऱ्याला आणि मग मरियेला, आणि येशूच्या जन्माच्या रात्री देवदूत मेंढपाळांना, आधी भिऊ नका असे सांगतो आणि मग निरोप देतो. देवदूताच्या नावाने आलेली गोष्ट ऐकून मूल दिवा मालवू देत नसेल, तर निरोप त्याच्यापर्यंत पूर्ण पोहोचलेला नाही असे समजावे.

आजी आता कुठे आहे, हेही तो कधीतरी विचारेल. तेथे तुम्ही प्रामाणिक राहावे, अशी माझी विनंती आहे. तुम्हाला जे वाटते ते ‘मला असे वाटते’ म्हणून सांगा, सासूबाईंना जे वाटते ते ‘त्यांची अशी श्रद्धा आहे’ म्हणून सांगा, आणि मित्राच्या घरच्या श्रद्धेलाही तेवढाच मान द्या. मुलांना वेगवेगळ्या श्रद्धा पेलतात; मोठ्यांनी एकमेकांना खोटे पाडणे त्यांना पेलत नाही. जरथुश्त्री परंपरेतील एक कल्पना तुम्हाला स्वतःला कदाचित धीर देईल. तेथे मानतात की आत्मा पहिल्या तीन रात्री देहाच्या जवळच असतो आणि स्रओश नावाचा दिव्य रक्षक त्याचे रक्षण करतो. त्यानंतरच्या पहाटे परलोकी नेणाऱ्या चिन्वत पुलाच्या वाटेवर त्याला एक तेजस्वी तरुणी भेटते, आणि तू कोण असे विचारल्यावर ती सांगते की मी तुझेच सद्विचार, तुझीच सद्वचने आणि तुझीच सत्कर्मे आहे. माणसाला न्यायला येणारे ते रूप त्याने स्वतःच आयुष्यभर घडवलेले असते. शिवाय प्रत्येकाची फ्रवशी, म्हणजे जन्माआधीपासून असणारे आणि मृत्यूनंतरही उरणारे रक्षक चैतन्य, वर्षाच्या अखेरच्या दिवसांत घरी येते अशीही श्रद्धा आहे. गेलेले आपले माणूस आपली काळजी घेते, हे सासूबाईंना जे म्हणायचे आहे ते या परंपरेत सर्वांत स्पष्टपणे सापडते. कॅथलिक शिकवणीतही देवाजवळ असलेले आत्मे जिवंतांसाठी प्रार्थना करतात असे मानले आहे, आणि त्यासाठी त्यांना देवदूत व्हावे लागत नाही.

पाली त्रिपिटकातील मज्झिम निकायात देवदूत सुत्त नावाचे सुत्त आहे, ते मात्र मुलासाठी नसून तुमच्यासाठी आहे. त्यात यमराज मेलेल्या माणसाला विचारतो की तुला देवदूत दिसले नाहीत का. माणूस नाही म्हणतो. तेव्हा यम एकेक विचारतो: असहायपणे पडून असलेले तान्हे मूल तू पाहिले नाहीस? काठी टेकत चालणारा वृद्ध? अंथरुणाला खिळलेला रुग्ण? अपराधाची शिक्षा भोगणारा? प्रेत? हेच ते देवदूत. म्हणजे आकाशातून कोणी उतरत नाही. म्हातारपण, आजार आणि मृत्यू यांनाच तेथे निरोप घेऊन आलेले म्हटले आहे. तुमच्या आईच्या दीर्घ आजारात तुम्ही तिच्याजवळ राहिलात. तिच्या खोलीत गेलात. त्या निरोपाकडे तुम्ही पाठ फिरवली नाहीत, हे स्वतःलाही सांगा.

सासूबाईंशी बोलताना तुम्ही चुकलात असे म्हणू नका. त्यांना मुलाची भीती सांगा, म्हणजे त्याला ‘सतत पाहते’ हे शब्द पहारा ठेवल्यासारखे वाटत आहेत हे त्यांना कळेल, आणि त्यांनी स्वतः त्याला जवळ घेऊन सांगावे की आजी देवाजवळ आहे, ती रागावलेली नाही, आणि पाहते म्हणजे प्रेमाने पाहते. ज्यांच्या तोंडून ती गोष्ट आली त्यांच्याच तोंडून तिची दुरुस्ती झाली, तर मुलाला कोणा एकाची बाजू घ्यावी लागणार नाही. जमल्यास मित्राच्या आईवडिलांशीही बोला. लेखणी उचलल्याची गोष्ट त्यांनी आपल्या मुलाला सांगितली आणि त्याने ती तुमच्या मुलाला सांगितली, तर याहून चांगले काही नाही. दिवा काही दिवस तसाच राहू द्या, त्याच्याशी त्यावरून वाद घालू नका. झोपेचा त्रास आणखी काही आठवडे तसाच चालू राहिला, तो शाळेत जाणे किंवा खेळणे टाळू लागला, किंवा आजीकडे जायचे आहे असे म्हणू लागला, तर विलंब न लावता मुलांच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना दाखवा. दुःखातल्या मुलाला अशी मदत लागू शकते, आणि ती घेण्यात कोणाच्याही श्रद्धेचा अवमान नाही.

राहिले ते देवदूतांमार्फत बोलणे करून देणारे गृहस्थ. त्यांच्याकडे मुलाला नेऊ नका, आणि तुम्हीही जाऊ नका. हे मी केवळ विवेकबुद्धीच्या आधारे म्हणत नाही. ज्या परंपरांच्या नावाने ते काम करत असतील त्यांनीच ते नाकारले आहे. मेलेल्यांना प्रश्न विचारण्यास बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सक्त मनाई आहे. यरुशलेमच्या तालमूद या यहुदी धर्मग्रंथात देवाच्या तोंडी असे आहे की संकट आले तर मीखाएलाला किंवा गब्रीएलाला हाक मारू नका, मला हाक मारा. पौलाच्या नावे कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात देवदूतांच्या पूजेविरुद्ध इशारा आहे, आणि 745 साली रोम येथील धर्मसभेने, स्वतःला संत म्हणवून अनोळखी देवदूतांची नावे घेत प्रार्थना करणाऱ्या एका धर्मोपदेशकाचा निषेध करून, मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल या तीनच नावांना मान्यता दिली. 2001 मध्ये व्हॅटिकनच्या लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शिकेनेही ही तीन सोडून देवदूतांना आणखी नावे देण्याच्या प्रथेला नापसंती दर्शवली. इस्लाममध्ये फरिश्त्यांवरील विश्वास हा श्रद्धेच्या सहा अंगांपैकी एक आहे, पण प्रार्थना एकट्या अल्लाहचीच केली जाते. बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकात योहान देवदूताच्या पाया पडू लागतो तेव्हा देवदूत त्याला लगेच अडवतो आणि सांगतो की असे करू नकोस, मीही तुझ्यासारखाच सेवक आहे. हा प्रसंग त्या पुस्तकात दोनदा येतो. जो देवदूत स्वतःला नमस्कारही करू देत नाही, त्याच्या नावाने शोकात असलेल्या घरातून कोणी मोबदला घेत असेल, तर तो कोणत्याही धर्माच्या देवदूतांविषयी बोलत नाही. त्या परिचित बाईंना नम्रपणे पण ठामपणे नकार कळवा, आणि हा विषय मुलासमोर काढू नये असेही सांगा.